पाणी फिरल्याची वेळ

स्टेशनला स्टेशनमास्तर असतो, पोस्टाला पोस्टमास्तर असतो, मग भरतीच्या चौकीला भरतीमास्तर का नसावा, असा विचार करून बंदरावरच्या कुणा रिकामटेकड्याने हे नाव पाडलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. कागदोपत्री मास्तरांचा हुद्दा होता ‘भरती वाचक’, म्हणजे समुद्राचं पाणी किती चढलं आणि किती उतरलं ते बघून लिहिणारा माणूस. पण हुद्दा ऐकून लोक आणखीच बुचकळ्यात पडत. वर्षातून दोन-चार तरी उमेदवार हातात प्रमाणपत्रांची पिशवी घेऊन चौकीच्या दारात उभे राहत आणि अदबीने विचारत, “साहेब, भरती कधी आहे?”

मास्तर मान वर न करता सांगत, “दुपारी दोन सत्तेचाळीसला.”

उमेदवार घड्याळ बघे, पिशवी सावरे आणि पुढचा प्रश्न टाके, “एकूण जागा किती?”

तेव्हा कुठे मास्तरांच्या डोक्यात उजेड पडायचा. मग ते त्याला आत बसवून प्यायला पाणी देत, खिडकीतून समुद्र दाखवत आणि ‘आमच्याकडे दिवसातून दोनदा भरती असते, पण घेत कुणालाच नाहीत’ हा आपला ठरलेला विनोद करत. तो विनोद त्यांनी एकतीस वर्षं केला. उमेदवार कधी हसले नाहीत, आणि मास्तरांना त्याचं कधी काही वाटलं नाही.

चौकी म्हणजे धक्क्याच्या पार टोकाला असलेली एक खोली. खोलीतून एक लोखंडी जिना खाली पाण्याकडे जाई. जिन्याशेजारी पाण्यात खांब रोवलेला, आणि खांबावर लाल-पांढऱ्या रंगात सेंटिमीटरच्या खुणा. दर अर्ध्या तासाने मास्तर पाटी-पेन्सिल घेऊन जिना उतरत. लाट वर येते तेव्हा कुठे टेकते आणि खाली जाते तेव्हा कुठे टेकते, असं तीन-तीनदा बघत आणि मधला आकडा पाटीवर मांडत. कागद तिथे टिकत नसे, दोन मिनिटांत ओला व्हायचा. पाणी फिरायची वेळ जवळ आली की अर्ध्या तासाचा हिशेब सोडून दर दोन मिनिटांनी वाचन. भरती संपून ओहोटी लागते ती नेमकी वेळ पकडायची, हे या नोकरीतलं खरं कसब. कारण पाणी काही घंटा वाजवून फिरत नाही. ते थांबल्यासारखं करतं, उगाच दोन बोटं वरखाली होतं, आणि तुम्ही शिंकलात तेवढ्यात फिरलेलं असतं.

संध्याकाळी पाटीवरचं सगळं सुवाच्य अक्षरात वहीत उतरायचं, पाटी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायची आणि उद्याकरता उलटी ठेवून घरी जायचं. वहीत तीन रकाने होते: वेळ, उंची, शेरा. वही भरली की ती शहरातल्या मुख्य कचेरीत जाई. मागे एकही नक्कल राहत नसे.

“अहो, एखादी नक्कल घरी ठेवत जा की,” मास्तरांची बायको म्हणायची.

“सरकारी आकडे घरी आणू? उद्या सरकारी टाचण्या पण आणतो मग.”

असा हा माणूस. अंगात ताप असताना एकदा त्यांच्याकडून दुपारची दोन वाचनं हुकली. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा समोर होता, मधले दोन शाळकरी पोरालाही काढता आले असते. मास्तरांनी तिथे दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेऱ्यात लिहिलं, ‘पाहिले नाही.’ साहेबाने झापलं. मास्तर म्हणाले, “जे पाहिलं नाही ते कसं लिहू?”

दोन वाचनांच्या मधला अर्धा तास मात्र मास्तरांचा स्वतःचा होता, आणि त्या अर्ध्या तासांनीच त्यांना बिघडवलं. एका म्हाताऱ्या निवृत्त कप्तानाने घर रिकामं करताना त्यांना एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. मुखपृष्ठ नाही, पहिली पंचवीस पानं नाहीत, त्यामुळे ते कुणी लिहिलं आणि त्याचं नाव काय हे मास्तरांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात एवढंच होतं की भरती का येते, समुद्रात प्रवाह का वाहतात, याबद्दल जुन्या काळच्या शहाण्या माणसांनी काय काय सांगून ठेवलं. मास्तरांनी ते इतक्या वेळा वाचलं की ती दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं त्यांना शेजारपाजारच्यासारखी झाली. त्यांची अवघड नावं मास्तरांच्या जिभेवर बसत नसत, म्हणून त्यांनी त्यांना आपली नावं ठेवली होती.

एक होते ‘नाकपुडीवाले’. यांचं म्हणणं, पृथ्वी हा एक अजस्र जिवंत प्राणी आहे आणि समुद्राच्या तळाशी तिच्या नाकपुड्या आहेत. तिने श्वास आत ओढला की ओहोटी, बाहेर सोडला की भरती. एक ‘दरीवाला’ होता. तो सांगे की जमिनीच्या पोटात आरपार गेलेली एक दरी आहे आणि जगातलं सगळं पाणी तिच्यात इकडून तिकडे हिंदकळत असतं. ‘नदीवाल्या’ने सगळा दोष नद्यांवर ढकलला: डोंगरातल्या नद्या धो धो येऊन समुद्राला रेटतात, आणि त्यांचा जोर ओसरला की समुद्र आपल्या जागी येतो. सगळ्यांत मोठं नाव असलेला विचारवंत म्हणे, सूर्य वाऱ्यांना हलवतो आणि वारे पाण्याला. प्रवाहांचंही त्याने सांगून ठेवलं होतं: उत्तरेकडचे समुद्र उथळ, त्यांत नद्या फार, दक्षिणेकडचे खोल, म्हणून पाणी वरच्या भांड्यातून खालच्या भांड्यात ओतल्यासारखं वाहत राहतं. आता हे एका समुद्राला लागू पडतंही. पण त्याच्याच मुलखात एक चिंचोळी सामुद्रधुनी होती, तिथलं पाणी दिवसातून कितीतरी वेळा उलटंसुलटं फिरे. लोकांनी नंतर अशी आवई उठवली की त्या पाण्याचा उलगडा होईना म्हणून या थोर माणसाने त्यातच उडी घेतली. “साफ खोटं,” मास्तर ठासून सांगत, जणू हे त्या माणसाच्या अंत्ययात्रेला जाऊन आले होते. “माणूस आजारपणाने गेला. पण लोकांना बरं वाटतं असं काही सांगायला.”

पूर्वेकडच्या एका देशात लोक समजत की नदीत चढून येणारी उंच भरतीची लाट म्हणजे एका मंत्र्याचा राग. राजाने त्याला नाहक मारून पाण्यात टाकलं होतं. त्यावर तिथलाच एक विद्वान वैतागून लिहून गेला, की मेलेला माणूस कशाला पाणी उचलेल? नद्या या पृथ्वीच्या रक्तवाहिन्या आहेत, नाडी चालते तसं पाणी चढतं-उतरतं, आणि ते कमी-जास्त होतं चंद्राबरोबर. चंद्राचं आणखीही काही जणांना कळलं होतं. एके ठिकाणी म्हटलं होतं की चुलीवरच्या भांड्यातलं पाणी तापल्यावर जसं फुगतं, पण वाढत नाही, तसा चंद्रामुळे समुद्र फुगतो. दोन नद्यांच्या मुलखातला एक जण तर पृथ्वी फिरते असं धरून चालला होता. त्याच्या मते पृथ्वी आणि चंद्र यांच्या मध्ये वारा सापडतो, आणि तो समुद्रावर दाबला जातो.

मास्तर हे सगळं सांगू लागले की धक्क्यावरची माणसं पांगायची. एखादा हमाल दमून चौकीच्या सावलीला टेकला, तर त्याला नाकपुडीवाल्यांपासून ऐकावं लागे. “मास्तर, माल उतरवायचाय,” म्हणत तो काढता पाय घ्यायचा. माल दुसऱ्या दिवशी येणार असला तरी.

या सगळ्या गोतावळ्यात मास्तरांचा जीव जडला होता एकावरच. त्याला ते ‘जाऊन बसलेला’ म्हणत. बाकीच्यांनी बहुतेक घरी बसून डोकं चालवलं. हा गडी मात्र महासागराच्या काठावरच्या एका बंदरात जाऊन महिनाभर राहिला आणि पाण्याकडे बघत बसला. दिवसाचं चक्र त्याने पाहिलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमाराला पाणी नरम पडतं, हे महिन्याचं चक्रही त्याने पाहिलं. तेवढं त्याचं अगदी बरोबर निघालं. राहिलं वर्षाचं चक्र. त्यासाठी वर्षभर राहायला हवं होतं, तेवढा वेळ त्याच्याकडे नव्हता. ते त्याने गावकऱ्यांना विचारून लिहिलं आणि तिथेच तो चुकला. “डोळ्यांनी पाहिलं ते बरोबर, कानांनी ऐकलं ते चूक,” मास्तर म्हणत. एवढं सांगताना त्यांचा आवाज घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा हळवा व्हायचा.

मास्तरांना सख्खा असा एकच भाऊ, धाकटा. तो टगबोटीचा तांडेल होता, म्हणजे बोट चालवणारा मुख्य. बिनइंजिनाच्या मालवाहू बार्जला दोर बांधून खाडीच्या तोंडातून आत ओढून आणायचं हे त्याचं काम. खाडीचं तोंड अरुंद आणि डाव्या अंगाला पाण्याखाली खडकाची पायरी. चढत्या पाण्यावर आलं तर काही नाही. उतरतं पाणी लागलं, की ते समोरून अंगावर येतं आणि मागची बार्ज आडवी करतं.

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी छापील तक्त्यात भरतीची वेळ होती अकरा अठ्ठावन्न. धाकट्याने साडेअकराला खाडीच्या तोंडात टगबोट घातली. हातात अजून अर्धा तास चढतं पाणी होतं. निदान तक्ता तसं म्हणत होता. पण पाणी आधीच फिरलं होतं. बार्ज आडवी झाली, खडकावर चढली, दोर तुटला आणि सुटलेलं टोक इंजिनवाल्याला लागलं. इंजिनवाला धाकट्याचा शाळेपासूनचा मित्र. तो दुपारपर्यंतही टिकला नाही.

चौकशी झाली. अधिकाऱ्याने छापील तक्ता समोर ठेवला आणि सांगितलं, पाणी चढतं असताना बार्ज आडवी होते याचा अर्थ चालवणाऱ्याचं लक्ष नव्हतं. परवाना गेला, नोकरी गेली. मास्तर दोन दिवस चौकशीच्या खोलीच्या दाराशी बाकावर बसून होते, की आपल्याला बोलावतील आणि खांबावर पाणी खरोखर किती वाजता फिरलं ते विचारतील. शिपाई बाहेर येऊन म्हणाला, “छापील तक्ता आहे ना, मग हाताने लिहिलेलं कशाला पाहिजे म्हणतात साहेब.” वही तोवर मुख्य कचेरीत गेली होती.

धाकट्याने अपील केलं आणि बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलायला लागला. बोटं पांढरी पडायची, नखं निळी. वकिलाकडे तो फारसा जात नसे. दर रविवारी मात्र दादाकडे यायचा. वहिनीच्या हातचा चहा घ्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा, आणि उठता उठता चपलेत पाय घालत, वर न बघता विचारायचा, “दादा, अकरा सोळाच होतं ना रे?”

“अकरा सोळा. मी स्वतः वाचलंय. वहीत आहे.”

“मग ठीक.”

नऊ वर्षांचे रविवार म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा. लोक धाकट्याला नावं ठेवत याचं त्याला फार नव्हतं. त्याला आतून पोखरत होती ती वेगळीच शंका: आपण खरंच लक्ष दिलं होतं का? मित्र आपल्या चुकीने गेला की पाण्याने नेला? या प्रश्नाचं उत्तर साऱ्या जगात एकाच ठिकाणी लिहून ठेवलेलं होतं, दादाच्या वहीत. अकरा सोळाला पाणी फिरलं असेल तर तो निर्दोष. त्या एका ओळीच्या आधारावर तो रात्री डोळे मिटत होता.

मास्तर निवृत्त झाले त्याच वर्षी अपील सुनावणीला लागलं. पत्रात लिहिलं होतं, मूळ नोंदवही सादर करावी. बायकोने मास्तरांना इस्त्रीचा शर्ट काढून दिला. धाकटा बसथांब्यापर्यंत सोडायला आला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मोकळा हसला. म्हणाला, “दादा, तुझं अक्षर चांगलं आहे हे किती बरं झालं.”

मुख्य कचेरीच्या रेकॉर्ड विभागात एक पोक्त बाई होत्या. चांगल्या स्वभावाच्या. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, पत्र वाचलं आणि जाड सूची काढून बोट फिरवत गेल्या. मध्येच त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“मास्तर, तुमच्या वहीच्या लेबलवर काय लिहिलेलं असायचं?”

“भरती. आणि खाली साल.”

“भरती-ओहोटी नाही?”

“पूर्वी छापील वह्या यायच्या, त्यांवर ‘भरती-ओहोटी नोंदवही’ असं असायचं. त्या संपल्या. मग साध्या वह्या आल्या, त्यांवरचं लेबल एवढंसं. मी फक्त ‘भरती’ लिहायला लागलो. भरती म्हटलं की ओहोटी आलीच.”

बाईंनी सूची मास्तरांकडे वळवली. त्या सालच्या वह्यांच्या ओळीने नोंदी होत्या. विषय: भरती. शाखा: आस्थापना. जपणूक: पाच वर्षे. आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईचा शिक्का: नष्ट.

“आस्थापना म्हणजे... नोकरभरती?” मास्तरांनी विचारलं.

“हो.”

“अहो, पण आत पाण्याचे आकडे आहेत!”

“रकाने काय होते?”

“वेळ, उंची, शेरा.”

“सुरक्षारक्षकांच्या भरतीतही हेच असतात हो मास्तर. उमेदवार किती वाजता आला, त्याची उंची किती सेंटिमीटर, आणि शेरा.”

“अहो बाई, अडतीस सेंटिमीटर लिहिलंय त्यात! ओहोटीला पाणी अडतीसवर जातं. अडतीस सेंटिमीटर उंचीचा सुरक्षारक्षक असतो का कुठे?” मास्तरांचा आवाज चढला होता. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी फस्सकन हसलं. खरं तर ही गोष्ट दुसऱ्या कुणाची असती तर मास्तरही पोट धरून हसले असते.

“आतली पानं कोण वाचतं?” बाई हळूच म्हणाल्या. “लेबल वाचतात. लगदा होऊन चार वर्षं झाली त्यांचा.”

एका शब्दाचा आळस नडला. दुसऱ्या कुणाचा नाही, त्यांचा स्वतःचा. ज्या माणसाने एकतीस वर्षांत एक आकडा अंदाजाने लिहिला नाही, त्याने लेबलावर तीन अक्षरं लिहायचा कंटाळा केला. मास्तर उठले, बाईंना नमस्कार केला आणि जिना उतरताना त्यांना पायऱ्या नीट दिसेनात. बसमध्ये ते सगळ्या रस्ताभर एकच विचार करत होते. पृथ्वीला नाकपुड्या आहेत म्हणणाऱ्याचं म्हणणं दोन हजार वर्षं टिकलं, छापलं गेलं, आपल्या टेबलावर येऊन पडलं. आणि आपण पाण्याजवळ उभं राहून, डोळ्यांत तेल घालून जे खरं तेच लिहिलं, ते पाच वर्षांच्या वर कुणी ठेवून घेतलं नाही. याचा त्यांना इतका राग आला की घरी गेल्यावर त्यांनी ते जाड पुस्तक कपाटावर भिरकावलं आणि बायको काय झालं म्हणून विचारत राहिली तरी जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बर्फाच्या कारखान्यात गेले. धाकटा हातात लोखंडी आकडा घेऊन लादी ओढत होता. त्याने दादाचा चेहरा बघितला आणि लादी तशीच सोडली.

“नाही?”

“नाही.”

“त्या वर्षाच्या सगळ्या?”

“सगळ्या.” मास्तरांनी त्याला सगळं सांगितलं. लेबलाचंही. ते लपवता आलं असतं, पण त्यांना सुचलंही नाही.

धाकट्याने पायाशी साचलेलं बर्फाचं पाणी चपलेने बाजूला सारलं. मग म्हणाला, “जाऊ दे. तू आहेस ना. वकील म्हणत होता, वही नसली तर लिहिणाऱ्याची साक्ष चालते. वाचणारा तूच, लिहिणारा तूच. तू उभा राहून सांग, अकरा सोळा. बास.”

“सांगतो की.”

“आणि एक कर दादा. ते तुझे जुने लोक तिथे आणू नकोस हां. पृथ्वीचं नाक वगैरे.”

“छे रे,” मास्तर म्हणाले, आणि दोघं थोडेसे हसले.

लवादाची खोली लहान होती. भिंतीला ओल, वर पंखा, समोर उंच टेबलामागे अध्यक्ष. बंदर खात्याकडून एक सडपातळ गृहस्थ आले होते, त्यांच्यासमोर छापील तक्ता उघडा. धाकटा मागच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. दाढी केलेली, आणि बोटं झाकायला म्हणून हातात रुमाल.

मास्तरांनी शपथ घेतली आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, “त्या दिवशी पाणी अकरा वाजून सोळा मिनिटांनी फिरलं.”

“तक्त्यापेक्षा बेचाळीस मिनिटं आधी,” अध्यक्ष म्हणाले. “कारण काय असावं?”

आता इथे ‘माहीत नाही’ म्हणून गप्प बसायचं होतं. पण मास्तर घाबरले की बोलत. ते म्हणाले, “साहेब, पाण्याचं कारण कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. पूर्वी एक जण म्हणायचा की नद्यांचा रेटा—” आणि मागे धाकट्याने डोळे मिटून घेतलेले त्यांना न बघताही कळलं. “माहीत नाही साहेब,” ते म्हणाले.

सडपातळ गृहस्थ उठले. उर्मट नव्हते, उलट फार सौम्य होते.

“मास्तर, आदल्या दिवशी पाणी किती वाजता फिरलं होतं?”

“आठवत नाही.”

“दुसऱ्या दिवशी?”

“नाही.”

“त्या वर्षातली कुठलीही एक वेळ सांगा.”

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली.

“वर्षाला सातशेच्या वर भरत्या. एकतीस वर्षं. त्यांतली एकच आठवते?”

“त्या दिवशी माझा भाऊ होता पाण्यावर.”

“तेच म्हणतोय मी. बरं, अकरा सोळा की अकरा सेहेचाळीस? कारण सेहेचाळीस असेल तर साडेअकराला पाणी चढतंच होतं. पाटीवर तुम्ही काय लिहिलं होतं? डोळ्यांसमोर पाटी आणा आणि वाचून सांगा.”

मास्तरांनी प्रामाणिकपणे डोळे मिटले. प्रामाणिकपणाच नडतो माणसाला, दुसरं काय. त्यांना जिना दिसला. खांब दिसला. पाटी दिसली, तिचा डावीकडचा तुटका कोपरासुद्धा दिसला. पाटीवर आकडे होते, पण ते वाचता येत नव्हते. त्याऐवजी ऐकू येत होता धाकट्याचा आवाज, चपलेत पाय घालत विचारणारा: अकरा सोळाच होतं ना रे? शेकडो रविवारांचा तो आवाज. त्याच्याही मागे आणखी एक संध्याकाळ होती, अपघाताच्या दिवसाची. धाकटा ओल्या कपड्यांनी चौकीत आला होता आणि म्हणाला होता, “दादा, सव्वाअकरालाच फिरलं रे पाणी.” ते पाटी वहीत उतरवण्याच्या आधी म्हणाला की नंतर? सोळा हा आकडा आधी कोणाच्या तोंडी आला? आपण वाचला, की ऐकला? पाणी लवकर फिरल्याचं नवल वाटलं होतं, हे पक्कं आठवत होतं. पण ते नवल त्या दिवसाचं होतं की नंतरच्या नऊ वर्षांचं?

महासागराकाठी जाऊन बसलेला तो माणूस मास्तरांना आठवला. त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं ते बरोबर आणि ऐकलेलं ते चूक. आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच न पाहिलेला आकडा सांगायला उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात आलं. एक शब्द पुरे होता. सोळा. खोलीत त्याला खोटं म्हणू शकेल असं कुणी नव्हतं, खुद्द मास्तरही नाही. कदाचित तो खराच होता.

“खात्रीने सांगता का?” अध्यक्षांनी विचारलं.

मास्तरांनी मागे पाहिलं नाही. तेवढी त्यांची हिंमत नव्हती.

“खात्रीने... नाही सांगता येणार, साहेब.”

त्यानंतर फारसं काही झालं नाही. वकिलाने कागद गोळा केले. अध्यक्षांनी लिहून घेतलं की पुराव्याअभावी मूळ निर्णय कायम. सडपातळ गृहस्थांनी जाता जाता मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, तो मास्तरांना मुळीच सहन झाला नाही.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. धाकटा खिडकीशी उभा होता. रुमाल त्याने खिशात घातला होता आणि पांढरी बोटं गजांना धरून होती. मास्तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. ‘मला वाटतं सोळाच असेल रे’ असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ‘वाटतं’ या शब्दाचं धाकट्याने करायचं काय?

“म्हणजे मीच मारला त्याला,” धाकटा म्हणाला. रागाने नाही. बाजारातून काय आणायचं राहिलं ते आठवावं, तसं.

“असं नाही रे. मी असं नाही म्हटलं.”

“नाही, नाही. बरोबर आहे.” त्याने गज सोडले आणि हात शर्टाला पुसले. “तुम्ही व्हा पुढे. घरी वाट बघत असतील. मी येईन सावकाश.”

मास्तरांना आधी वाटलं तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय. सख्ख्या धाकट्या भावाने त्यांना जन्मात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात दुसरं कोणीच नव्हतं.